वाढत्या अंगाचं माप

मी पाकट बोलतोय. पाण्यात इकडेतिकडे शोधू नका, खाली वाळूत बघा. ठिपक्याठिपक्यांचं पायपुसणं पडल्यासारखं दिसतंय ना, तोच मी. गोड्या पाण्यातला, मूळचा परदेशी मासा, शेपटीला काटा, पण स्वभावाने गरीब.

आमच्यात अंडी घालायची पद्धत नाही, आई थेट पिल्लांनाच जन्म देते. माझा जन्म शोभेचे मासे विकणाऱ्या एकाच्या दुकानामागच्या हौदात झाला. तेव्हा मी बशीएवढा होतो. "हा एवढाच राहतो," असं त्याने मास्तरांना शपथेवर सांगितलं. मास्तर म्हणजे माझे मालक, धंद्याने शिंपी. माणसांची मापं घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण माणसं ओळखण्यात ते अगदीच कच्चे.

घरी मला चार फुटी टाकी मिळाली आणि टाकीला कापड बेतायच्या टेबलाची जागा मिळाली. टेबल गेलं स्वयंपाकघरात. पुढे एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात चिरलेला कांदा सापडला, त्याचं खापर काकूंनी माझ्यावर फोडलं. काकू म्हणजे मास्तरांची बायको. तरी मला कोळंबी भरवायच्या त्याच.

मी काचेवर चढलो की येणारेजाणारे म्हणायचे, बघा कसा हसतोय, डोळे किती बोलके. ते डोळे नव्हेत हो, नाकपुड्या आहेत. डोळे माझे पाठीवर. आणि मी हसत नसतो, मला भूक लागलेली असते. पण कुणी कौतुक करत असताना मध्येच दुरुस्ती कशाला करा?

मग सरकारी नियम आला. घरात परदेशी प्राणी असेल तर त्याची नोंद करा. पाकट अठरा इंचांहून रुंद असेल तर तो घरी ठेवता येणार नाही, सरकारी मत्स्यालयात जमा करावा लागेल. मास्तरांचं धाबं दणाणलं. त्यांनी लगेच टाकीत हात घालून माझं माप घेतलं. सतरा इंच. मला गुदगुल्या होत होत्या, पण प्रसंग गंभीर होता म्हणून हललो नाही.

मास्तर खुशीत फॉर्म भरायला बसले आणि तिथेच घोटाळा झाला. शाळेच्या पोरांचे कपडे शिवताना, वाढतं अंग म्हणून ते नेहमी दोन इंच जास्त धरतात. चाळीस वर्षांची सवय. माझ्या फॉर्मवरही त्यांनी लिहून टाकलं, एकोणीस.

आठवड्याभरात नोंदणी कचेरीतल्या बाई दारात हजर झाल्या, सोबत दोन माणसं आणि एक भलामोठा टब. मास्तरांनी सगळा प्रकार समजावून सांगितला. बाई म्हणाल्या की माप कमी लिहिणारे खूप पाहिले, वाढवून लिहिणारे तुम्हीच पहिले. मग त्यांनी स्वतः माप घ्यायचं ठरवलं. मी पोट आत ओढून घेतलं, म्हणजे ओढायचा प्रयत्न केला. मला पोटाखेरीज फारसं काही नाहीच.

साडेसतरा भरलं. बाई म्हणाल्या, नियमात बसतोय, राहू द्या. काकूंनी पदराने डोळे पुसले.

मला इतका आनंद झाला की मी टाकीत गर्रकन वळलो. टाकीची रुंदी दीड फूट. वळताना माझी कड काचेवर दुमडली, रोजच दुमडायची तशी. मास्तर बघत राहिले.

"मॅडम, माप नियमात बसतंय," ते म्हणाले, "पण टाकी त्याच्या अंगाला घट्ट होतेय. इतकं घट्ट काही घालून मी कुठल्या गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं. घेऊन जा त्याला."

काकूंनी टबवाल्याला बजावून सांगितलं की कोळंबी बारीक करून द्या, त्याला खायची फार घाई असते.

आता मी मत्स्यालयाच्या मोठ्या तळ्यात राहतो. जागा एवढी की पहिले दोन दिवस मी नुसता वळतच होतो. सुखात आहे, खोटं कशाला बोलू? पण घरची आठवण येते, तेही खरंच.

दर रविवारी दोघं येतात. मास्तर पाण्यात बोटं बुडवतात, मी त्यांच्या बोटांखाली जाऊन बसतो, आणि रखवालदार धावत येऊन पाटी दाखवतो : प्रेक्षकांनी पाण्यात हात घालू नये.

मागच्या रविवारी मास्तर त्याला शांतपणे म्हणाले, "आम्ही प्रेक्षक नाही हो. आम्ही घरचे आहोत."

रखवालदार उगाच दुसरीकडे बघत उभा राहिला. वाचकहो, तुमची मत्स्यालयाच्या कचेरीत कुणाशी ओळख असेल तर माझं एवढं काम करा. पाटीवर एक ओळ वाढवून घ्या : घरच्यांना चालेल.