आईच्या डाव्या हाताची नस

"जनकाबाई, तुमची नस त आंधळ्यालेही सापडते," असं कडूबा म्हणायचा. कडूबाने अकरा वर्षं तालुक्याच्या एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली होती. ते काम सुटल्यावर तो गावात घरोघरी जाऊन सलाईन लावायचा. आमच्या गावात अंगात त्राण नसलं की बाटली लावतात. सोयाबीनच्या सोंगणीआधी तर बायका एकमेकींना विचारतात, "तुही बाटली झाली का वं?" बाकीच्यांना तीन-तीनदा टोचावं लागायचं, आणि त्या कडूबाला शिव्या घालायच्या. माझी आई हात पुढे करून हसत बसायची. तिच्या दोन्ही हातांच्या पाठीवर नसा उठून दिसायच्या. तिला त्याचा थोडा अभिमानही होता.

गेल्या सोंगणीच्या वेळी ती थकली होती. पाणी फार लागतं, पाय ओढल्यासारखे वाटतात, असं फोनवर सांगायची. सोमवारी कडूबाने तिच्या डाव्या हाताला बाटली लावली. बुधवारी दुपारी तिने मला व्हिडिओ कॉल केला.

मी अमरावतीला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. दुसऱ्या दिवशी महाविद्यालय तपासायला नॅकची समिती यायची होती आणि निम्म्या कपाटांना चिठ्ठ्या लावायच्या बाकी होत्या. मी फोन रॅकवर टेकवून ठेवला आणि काम करता करताच बोलत राहिले.

"मंजू, हाताची नस फुगून राह्यली वं."

"आई, तुह्या नसा कधी फुगलेल्या नव्हत्या?"

"ही येगळी हाय. बाटली लावली त्या हाताची."

तिने हात फोनसमोर धरला. नेटवर्क अडखळत होतं. मला तांबूस, हलणारं काहीतरी दिसलं. मी तो हाताचाच रंग समजले.

"वय झालं की कातडी पातळ होते, आई. खालची चरबी कमी होते. उन्हात काम केलं की नसा अजून वर येतात. हात डोक्याच्या वर धर बरं. आता बसली का खाली?"

तिने हात वर केला. तो चित्राच्या बाहेर गेला. मला फक्त तिची काख आणि पोलक्याची उसवलेली शिलाई दिसत होती.

"बसली वाटते."

"मग काही नाही."

"दवाखान्यात दाखवाव का? तुहे बाबा म्हणून राह्यले, साखरखेर्ड्याले जाऊ."

"नस पाहायले कोणी दवाखान्यात जाते का? डॉक्टर हसतीन."

ती हसली. "हाव, ते बी खरं हाय. जाय, तुहं काम कर."

दुखतं का, हे मी विचारलं नाही. हात गरम लागतो का, तेही नाही. नसांबद्दलचा तो मजकूर मी कधीतरी एका आरोग्यविषयक पानावर वाचला होता. तिचा अंत्यविधी झाल्यावर मी ते पान पुन्हा काढलं. डॉक्टरकडे केव्हा जावं, हे त्याच पानावर खाली लिहिलेलं होतं. मी वरचं वाचून थांबले होते.

शनिवारी तिला थंडी वाजून ताप आला. तिने नसेवर हळदीचा लेप लावला आणि गोधडी घेऊन निजली. रविवारी सकाळी ती असंबद्ध बोलायला लागली, तेव्हा बाबांनी जीप बोलावली. संध्याकाळी मी बुलढाण्याच्या दवाखान्यात पोहोचले, तोवर तिचा डावा हात कोपरापर्यंत सुजला होता. मनगटापासून वर एक काळपट लाल दोरी चढत गेली होती. मी बोट ठेवलं. ती खरंच दोरीसारखी कडक लागली, आणि आईने बेशुद्धीतही हात आखडून घेतला.

तिथली डॉक्टर मुलगी माझ्यापेक्षा लहान होती. लिहिता लिहिता ती विचारत होती. नस कडक कधी झाली? लाल कधी झाली? त्या हाताला काही टोचलं होतं? ताप केव्हापासून? यांना मधुमेह आहे, माहीत होतं का?

"नाही," मी म्हणाले.

"साखर चारशेच्या वर आहे. नसेतला संसर्ग रक्तात गेलाय." तिने पेन बाजूला ठेवलं. "लवकर आणायला हवं होतं."

"नसा तर आधीपासूनच दिसायच्या तिच्या."

"नस दिसते म्हणून कोणी येऊच नये. पण दुखायला लागली, गरम, लाल, कडक झाली, एकच हात सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी यायचं. चार दिवसांनी नाही."

आई गुरुवारी सकाळी गेली.

घरी माणसं येत राहिली. बाबा अंगणात सतरंजीवर बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचे. "मंजूची माय म्हणे दवाखान्यात जाऊ. मीच म्हणलं, राहू दे, सोंगणी पडली हाय." शेजारच्या सिंधूताईने मला चुलीपाशी सांगितलं, "तुह्या बाबानं असं करायले नव्हतं पाह्यजे, बाई." माझ्या हातात चहाची गाळणी होती. मी चहा गाळत राहिले. कडूबा आई गेली त्याच दिवशी घराला कुलूप घालून सासुरवाडीला निघून गेला होता, त्यामुळे लोकांना बोट दाखवायला बाबाच उरले होते.

माझे मामा, रामराव, संग्रामपूरहून आले. आई त्यांची एकुलती बहीण. ते चपलाही न काढता बाबांसमोर उभे राहिले.

"दाजी, एक जीप करता नाई आली तुमच्यानं?"

"नाई आली," बाबा म्हणाले.

"सोंगणीसाठी बहीण मारली माही?"

बाबांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"उद्याचा कार्यक्रम झाला की मी चाललो. ह्या घरचं पाणी पेणार नाई पुन्हा."

दुसऱ्या दिवशी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन, म्हणजे आम्हा बौद्धांमधला दिवसकार्याचा कार्यक्रम, होता. सकाळी मांडव पडला, खुर्च्या आल्या. बाबा आईच्या फोटोला टाचणीने पांढरं कापड लावत होते. मी त्यांच्याजवळ गेले.

"बाबा, तुम्हाला एक माहीत नाही. बुधवारी आईनं मला विचारलं होतं..."

"माहीत हाय. बाजूलेच बसेल होतो मी."

मी फोटोची दुसरी कड धरली.

"फोन ठेवल्यावर दोनदा म्हणलं तिले, चाल. ते म्हणे, मंजूनं सांगतलं, काई नाई. मंजू पुस्तकातलं सांगते. मग म्या बी नाद सोडला."

"मग खोटं काऊन बोलून राह्यले?"

त्यांनी तोंडातली टाचणी काढून कापडात खोचली. "माह्यावर रागवले त किती दिवस रागवतीन? चार वर्सं, पाच वर्सं. तुले लय दिवस काढाचे हायत. तू तोंड उघडू नको, समजलं?"

मी हो म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवते. त्या सकाळी थोडा वेळ मला खरोखर सुटल्यासारखं वाटलं.

त्रिशरण-पंचशील झालं. मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लोक एकेक करून माईकवर येऊन आईबद्दल दोन शब्द बोलू लागले. कोणी सांगितलं की तिने वस्तीतल्या पोरींना तालुक्याच्या शाळेत नेऊन घातलं. कोणी सांगितलं की ती भांडण लागलं की मध्ये जाऊन बसायची आणि उठायचीच नाही. मामांना बोलावलं तेव्हा त्यांनी माईक हातात घट्ट धरला.

"माह्या बहिणीच्या हाताची नस साऱ्या गावाले दिसत होती," ते म्हणाले. "एका माणसाले दिसली नाई." आणि ते खाली बसले.

मांडवातल्या सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा पायाच्या अंगठ्याने सतरंजीचा दोरा ओढत होते. जेवायला वाकतानाही ते इतके लहान दिसत नसत.

विधी करणाऱ्या बौद्धाचार्यांनी माझं नाव घेतलं. "ताई शिकलेल्या आहेत, ग्रंथपाल आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी लिहून आणलेला कागद माझ्या हातात होता. त्यात आईने मला कसं शिकवलं ते होतं. मी तो वाचला नाही.

"मायनं मले इचारलं होतं, दवाखान्यात जाऊ का," मी म्हणाले. "मी नाई म्हणलं. बाबांनी तिले दोनदा चाल म्हणलं. ते माह्या शब्दावर थांबली. बाबांनी तुम्हाले जे सांगतलं, ते माह्यासाठी सांगतलं."

बाबा उठून उभे राहिले. "पोरगी दुःखात हाय. काईबी बोलून राह्यली. बस खाली, मंजू."

"दाजी," मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "खरं हाय का हे?"

बाबा पुन्हा खाली बसले. त्यांना लोकांसमोर खोटं बोलता येत होतं, पण नेमकं त्याच प्रश्नाला नाही. मी डॉक्टरने सांगितलेलं बायकांकडे पाहून सांगितलं. दुखणारी नस, गरम नस, कडक नस, सुजलेला एकच हात, ताप. त्याच दिवशी जा, माह्यासारख्या कोणाले इचारत बसू नका. मग मी माईक ठेवला. पुढच्या रांगेत सिंधूताई आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहत होती.

जेवणाच्या पंगती बसल्या. मामा गेले नाहीत. ते बाबांच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "दाजी, सरका जरा." बाबा सरकले. मी वरणाची बादली घेऊन वाढत होते. मामांच्या पत्रावळीपाशी वाकले तेव्हा त्यांनी भातावर तळहात आडवा धरला. ते माझ्याकडे न पाहता समोर पाहत होते. मी थांबले. हात हलला नाही. मग मी बाबांना वाढलं आणि पुढे सरकले. पुढचा माणूस "थोडंच, बाई," म्हणाला, ते मला ऐकू आलं आणि तरी मी जास्त वाढलं.

जाताना मामांनी बाबांना मिठी मारली आणि दिवाळीला संग्रामपूरला यायचं कबूल करून घेतलं. माझ्याशी न बोलता, शेजारूनच ते जीपकडे गेले. त्याला आता आठ महिने झाले. माझा फोन ते उचलत नाहीत.

त्या दिवशी मांडव रिकामा झाल्यावर बाबा चुलीपाशी आले.

"झालं तुह्या मनासारखं?"

"हो."

"तो तुह्याशी बोलणार नाई आता. तुही माय जिवंत असती तरी त्याले समजावू शकली नसती."

"माहीत आहे."

ते रागावलेले होते, अजूनही आहेत. मग त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढून आत किती उरलंय ते पाहिलं.

"जेवली नसशीन," ते म्हणाले. "बस."