शिक्का नसलेली डबी

माझी लाँड्री किलोवर चालते. चादरी, टॉवेल, पडदे, जे येईल ते आधी काट्यावर चढतं आणि मग आत जातं. दर वर्षी वजनमापे खात्याचा माणूस येऊन काटा तपासतो आणि त्यावर शिक्का मारतो. शिक्का नसेल तर गिऱ्हाईक वाद घालतं, आणि घालायलाच हवा. त्यामुळे कुणी आकडा दाखवला की माझी नजर आधी शिक्का शोधते, हा स्वभावच झाला आहे. या स्वभावाला माझ्या मुलीकडे दुसरा शब्द आहे, तो इथे नको.

तर आमच्या जावयांनी वरच्या खोलीच्या खिडकीवर एक डबी चिकटवली. साबणाच्या वडीएवढी. आतला छोटा पंखा हवा ओढतो, त्या हवेवर उजेड पडतो, आणि उजेडात जेवढे कण चमकतात त्यावरून डबी आकडा दाखवते. आकडा हिरवा असेल तर खिडकी उघडा, लाल असेल तर लावा. चिकटवली अशासाठी म्हणते, की जावई माझ्या भिंतीला खिळा मारत नाहीत. लग्न झाल्यापासून वरच्या दोन खोल्यांत राहतात, पण आरसा भिंतीला टेकवलेला, घड्याळ कपाटावर झोपवलेलं. "भिंत तुमची आहे, आई," म्हणतात. घरजावई हा शब्द मी कधी तोंडातून काढला नाही, तरी तो त्यांना ऐकू येत असावा.

डबी आली ती पिल्लूमुळे. पिल्लू म्हणजे माझी नात, नुकती चालायला लागलेली आणि बरेच दिवस खोकणारी. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या, पण तिला चांगली हवा मिळू द्या म्हणाल्या. जावई शाळेत गणित शिकवतात. त्यांना आकडा लागतो, म्हणून त्यांनी डबी आणली. आणि डबीने पहिल्याच सकाळी माझ्याकडे बोट दाखवलं.

सकाळी खाली लाँड्रीत वाफेची इस्त्री सुरू झाली की डबी लाल. दुपारी इस्त्री थांबली की हिरवी. मुलगी सकाळभर खिडकी घट्ट लावून ठेवायची आणि दुपारी सताड उघडून पिल्लूला तिथे झोपवायची. खोकला काही हलेना. एका संध्याकाळी जावई खाली आले आणि टॉवेलांच्या घड्या घालायला लागले. जावई न सांगता घड्या घालायला लागले की काहीतरी जड बोलायचं असतं.

"आई, गावाबाहेर एक भाड्याचं घर बघितलंय. टेकडीच्या अंगाला. हवा चांगली आहे तिथे."

पिल्लू सकाळी उठली की आधी खाली येते. धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगात स्वतःला गाडून घेते आणि मी तिला शोधायचं असतं. रोज तोच ढीग, रोज तेच शोधणं, आणि रोज सापडल्यावर ती माझ्याकडे असं बघते की जणू मी फार हुशार आहे. ती गेली तर नुसते टॉवेल उरतील, हे मला तिथल्या तिथे समजलं आणि मला राग आला. मला वाईट वाटलं की आधी राग येतो.

"जावईबापू, त्या डबीवर शिक्का कुणाचा आहे?"

"शिक्का कसला?"

"माझ्या काट्यावर आहे तसला. तो नसता तर तुम्ही मला चार किलोचे पैसे दिले असते का? मग बिनशिक्क्याच्या डबीच्या भरवशावर मी माझी नात का पाठवू?"

मला वाटलं होतं ते हसतील. ते घडी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. ताडून बघायला हवं." या माणसाशी नीट भांडताही येत नाही.

आमच्याकडे वाचनालयाच्या गच्चीवर सरकारी हवामापनाचं यंत्र आहे, चांगलं कपाटाएवढं. ते सांभाळणाऱ्या बाईंनी डबी हसतमुखाने ठेवून घेतली. त्यांची पद्धत सरळ होती. डबी मोठ्या यंत्राच्या शेजारी ठेवायची, दोघांना एकाच जागची हवा द्यायची आणि दोघांचे आकडे जुळतात का बघायचं. काही दिवसांनी त्यांनी बोलावलं तेव्हा जावयांबरोबर मीही गेले. मी नसताना निकाल लागू नये असं मला वाटत होतं.

"कोरड्या हवेत डबी बऱ्यापैकी खरं बोलते," बाई म्हणाल्या. "पण धुकं पडलं त्या सकाळी हिने तिप्पट आकडा दाखवला. मोठं यंत्र हवा आत घेताना कोरडी करतं, मग मोजतं. हिला ते जमत नाही. पाण्याचा थेंबही हिला धूळच वाटतो."

"आणि वाफ?" मी विचारलं.

"वाफेचेही थेंबच."

मी जावयांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू लपवता आलं नसतं. बाई पुढे सांगत होत्या, की बारीक धूर ही पकडते, पण जाडसर धूळ आणि तंतू हिला जवळजवळ दिसतच नाहीत, ते पंख्यापर्यंत पोचतच नाहीत. मी मान डोलावली. माझं काम झालं होतं. परतताना जावई म्हणाले, "त्या घराला मी नाही म्हणून कळवतो, आई," आणि मी रस्ताभर हवेतच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिल्लूच्या खिडकीची कड पुसायला वर गेले. रोज पुसते. रस्त्याची धूळ येते म्हणून मी रस्त्याला रोज शिव्याही घालते. त्या दिवशी फडक्याकडे लक्ष गेलं. धूळ निळी होती.

पोहण्याच्या तलावाचे निळे टॉवेल त्या दुपारी ड्रायरमध्ये फिरत होते. इस्त्री संपली की मी ड्रायर लावते, आणि त्याची गरम हवा टाकणारी नळी मागच्या भिंतीतून निघते, बरोबर या खिडकीखाली. टॉवेलांचं तूस, म्हणजे सुटलेले बारीक तंतू, त्या हवेबरोबर वर येत होतं. डबीला ते दिसत नव्हतं, म्हणून डबी हिरवी होती, म्हणून खिडकी उघडी होती. सकाळी निरुपद्रवी वाफेला आम्ही दार लावत होतो आणि दुपारी तुसाला या बसा म्हणत होतो. पिल्लू खिडकीखाली झोपली होती. झोपेतच खोकली.

मी ड्रायर बंद केला आणि फडकं हातात धरून बसले. फडकं धुऊन टाकलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. डबीने मला निर्दोष सोडलं होतं, बाईंनी सोडलं होतं, घराला नकार गेला होता. सांगितलं तर ते घर उद्या पुन्हा ठरू शकत होतं. मला फार भीती वाटली. पण काटा एका बाजूला झुकलेला दिसत असताना मला बसवत नाही, मग ती बाजू माझी का असेना.

जावई शाळेतून आले तसं मी फडकं त्यांच्यापुढे धरलं आणि सगळं सांगितलं. एरवी मी बरंच सजवून सांगते, तेव्हा सजवायला काही सुचलं नाही. "आता तुम्हाला टेकडीवर जायचं असेल तर मी अडवणार नाही," एवढं कसंबसं म्हटलं.

ते खाली गेले. नळी बघितली, छपराकडे बघितलं, परत नळीकडे. मग बाहेर गेले. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी फडक्याकडे.

परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर लांब पाइप होता, नळीच्या तोंडाला बसवायची जाळीची पेटी होती, आणि हातात शेजारच्या सुताराचं ड्रिल मशीन. शिडी लावून ते वर चढले. नळी छपरापर्यंत न्यायची होती, खिडकीपासून लांब.

"तारेने बांधा की," मी खालून म्हटलं. "कधी काढायची झाली तर सोपं जाईल."

"काढायची कशाला?" ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या भिंतीला पहिलं भोक पाडलं.

भिंतीचा चुरा माझ्या डोक्यावर, खांद्यावर, खिडकीच्या कडेवर पडत होता आणि डबी हिरवीगार होती. पिल्लू आईच्या कडेवर टाळ्या वाजवत होती. माझे डोळे भरून आले, ते चुऱ्यामुळे असं मी मुलीला सांगितलं.

"जावईबापू, मशीन आणलंच आहे तर आरसाही लावून टाका."

"खूण करून ठेवलीय," ते वरून म्हणाले. "लग्नाच्या वर्षीच."