विभागाची बाजू

आईने ‘अहो’ म्हटले की अभियंता सावध होई. एरवी ती त्याला ‘अरे’ म्हणे, फार प्रेम आले तर ‘गाढवा’. आणि या दोन्ही संबोधनांवर तो लहानाचा मोठा झाला होता. परंतु शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने हाती फोन धरला, ‘गल्लीची खबर’ या नावाने इंटरनेटवर बातम्या देण्यास आरंभ केला, आणि घरात एक तिसराच सूर शिरला.

“अहो अभियंतासाहेब,” भाजी वाढता वाढता ती दुसऱ्या हाताने फोन त्याच्या तोंडाशी नेई, “कोपऱ्यावरचा खड्डा कधी बुजणार? विभागाची बाजू कळली तर बरं.”

“आई, मी जेवतोय.”

“‘अधिकारी जेवत असल्याने प्रतिक्रिया मिळू शकली नाही.’ असं लिहू?”

खड्डा त्याच्याच पाणीपुरवठा विभागाचा होता. फुटलेला नळ जोडण्यासाठी तो खणला गेला, आणि जोडायचा सांधा भांडारात नाही हे खणून झाल्यावर उघडकीस आले. तेव्हापासून आई रोज सकाळी खड्ड्याच्या काठी उभी राहून थेट प्रक्षेपण करी. प्रथम शेजारच्या चार बायका बघत. हळूहळू सारे शहर बघू लागले, आणि अखेर त्या शहरात मोठ्या साहेबांच्या सासूबाईही निघाल्या.

“तुमच्या मातोश्रींना आवरा!” मोठे साहेब कडाडले. “काल माझ्याच सोफ्यावर बसून सासूबाईंनी मला तो खड्डा दाखवला. वर विचारतात, तुम्ही ऑफिसात करता तरी काय?”

“साहेब, सांधा आला की लगेच...”

“सांध्याचं मला सांगू नका. उद्या खड्डा बुजल्याचा फोटो पाहिजे. नाहीतर डोंगरापलीकडचं पंपघर आहेच. तिथं तुम्ही आणि पंप, बसा एकमेकांकडे बघत.”

पंपघरातून आठवड्याकाठी एकदा घरी येता आले तर नशीब. आणि आईची बोलणी खाल्ल्याशिवाय अभियंत्याला जेवण पचत नसे. आई दंतवैद्याकडे गेल्याची संधी साधून त्याने दोन मजुरांकरवी खड्ड्यावर प्लायवुडचे तक्ते टाकविले, त्यांवर खडी पसरविली, खडीवर डांबराचा हात फिरविला आणि फोटो काढून साहेबांकडे धाडला. “शाबास! दोरी-बिरी बांधू नका, फोटोत वाईट दिसते,” असे उत्तर आले. मग सदसद्विवेकबुद्धीची टोचणी असह्य होऊन त्याने आपली स्कूटर त्या जागेवर कोणी पाऊल टाकू नये अशी आडवी लावली, आणि रात्रभर खिडकीतून तिच्यावर नजर ठेवली.

सकाळी आई ठेवणीतले पातळ नेसून, छत्री घेऊन खाली उतरली. मागोमाग अभियंता धावला.

“नमस्कार मंडळी!” ती फोनकडे पाहून म्हणाली. “टीका केली, तसं कौतुकही केलं पाहिजे. खड्डा बुजला! विभागाचे आभार. अहो अभियंतासाहेब, ती स्कूटर बाजूला घ्या, चित्रात मध्ये येते.”

“राहू दे की तिथंच.”

“का बरं?”

गल्ली जमली होती. फोनवर मोठे साहेब आणि त्यांच्या सासूबाई एकाच सोफ्यावरून पाहत असणार होते. त्याने निमूटपणे स्कूटर हलविली.

“आता मी स्वतः यावरून चालून दाखवते,” आई म्हणाली आणि तिने पाऊल उचलले.

एका पावलाच्या अंतरावर डांबर होते आणि डांबराखाली पोकळी. अभियंत्याच्या डोळ्यांपुढे पंपघर उभे राहिले, आणि मग तो सारी गल्ली दचकेल अशा आवाजात ओरडला, “आई, थांब! खाली नुसतं प्लायवुड आहे!”

आई थांबली. फोन सावकाश त्याच्याकडे वळला.

“अहो अभियंतासाहेब, हे आपल्याला कसं माहीत?”

त्याने सगळे सांगितले. साहेबांच्या हुकमासकट.

दुपारपर्यंत भांडारात सांधा असा प्रकटला, की जणू तो इतके दिवस कपाटामागे दडून बसला होता. संध्याकाळपर्यंत बदलीचा हुकूमही प्रकटला.

रात्री जेवताना अभियंत्याने विचारले, “तुला आधीच माहीत होतं ना?”

“स्कूटर तिथं पाहिली तेव्हाच शंका आली. पहाटे खिडकीशी तुझा डोळा लागला, तेव्हा खाली जाऊन छत्रीनं ठोकून बघितलं, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज. पण छत्रीच्या आवाजावर कुणी बातमी देतं का? विभागाची बाजू नको?”

“आणि मी ओरडलोच नसतो तर?”

आईचा वाढता हात थांबला.

“तर काठावरून परत फिरले असते,” ती म्हणाली. “आणि का फिरले, ते मात्र कुणाला सांगितलं नसतं.”

मग आईने घसा साफ केला.

“पंपघरात जेवणाची सोय काय आहे?”

“हे घरचं विचारतेस, की बातमीसाठी?”

“आधी घरचं,” म्हणत तिने फोन पालथा ठेवला. “भात घे, गाढवा.”