एका फोनला दोन हॅलो

आमच्याकडे फोन वाजला की दोन माणसं ‘हॅलो’ म्हणतात. एक मी, खाली दुकानात, हातात कात्री. दुसऱ्या माझ्या सासूबाई, वर घरात, खाटेवर. दुकानातल्या फोनची एक तार जिन्याच्या कडेने वर गेली आहे आणि तिच्या टोकाला दुसरा फोन आहे. खाली बोललेलं वर ऐकू येतं, वर बोललेलं खाली. पॅरलल लाइन म्हणतात तिला. मी तिला काय म्हणायचे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

आम्ही पडदे शिवतो. मी कापते आणि शिवते, आमचे हे घरोघरी जाऊन मापं घेतात आणि दांड्या ठोकतात. पूर्वी हे दुकान सासूबाई चालवायच्या. गुडघे गेल्यापासून त्यांना जिना उतरवत नाही. दुकान माझ्याकडे आलं आणि त्यांच्याकडे फोन राहिला.

तर गिऱ्हाईक विचारतं, “शनिवारपर्यंत होतील ना पडदे?” मी म्हणते, “नाही होणार, मला दोनच हात आहेत.” तेवढ्यात वरून खट् आवाज. “अहो, ती असंच म्हणते. होतील. तुमच्या मुलीचा पाय आता कसा आहे?” मग मुलीचा पाय, मुलीचं प्लॅस्टर, मुलीची परीक्षा. मी आपली कानाला फोन लावून उभी. आणि शेवटी मान मोडून मशीनवर कोण बसतं? मी.

माझा स्वभाव तापट आहे, नाही कोण म्हणतंय? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझी आईच म्हणायची. पण माझं भांडण ते माझं भांडण. त्यात वरून कुणी पाणी ओतलेलं मला खपत नाही.

म्हणून तो इंटरनेटवाला दुकानात आला तेव्हा मी त्याला चक्क खुर्ची दिली. एरवी विकायला आलेल्या माणसाला मी उंबऱ्यावरूनच वाटेला लावते. तो म्हणाला, “काकू, हा फोन इंटरनेटवर चालतो. आवाज स्वच्छ, खरखर नाही, बिलही कमी. एक महिना दोन्ही ठेवून बघा. जुन्या नंबरावर येणारे फोन मी या नव्यावर वळवून देतो. महिनाअखेरीला येईन, तेव्हा काय ते एक ठरवा. हा पटला तर जुनी तार काढून टाकू.”

“आणि वरचा फोन?” मी विचारलं.

“तो वाजणार नाही. त्यावरून फोन लावता येईल, पण आलेला फोन तिथे लागणार नाही. वर पाहिजे असेल तर वेगळा बसवून देतो.”

“वर नको,” मी म्हणाले. इतक्या झटक्यात म्हणाले की दांडी मोजणाऱ्या आमच्या ह्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी बघितलंच नाही. सुंठीवाचून खोकला जात होता, मी कशाला आडवी येऊ?

संध्याकाळी चहाच्या वेळी सासूबाईंना सांगितलं. म्हटलं, एक महिना बघू या.

“तुझं दुकान, तुझा फोन,” त्या म्हणाल्या. “कानामागून आली आणि तिखट झाली, एवढंच त्या नव्या फोनला माझ्याकडून सांग.” आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, ते मोडून आत पडलं. सासूबाईंचं बिस्किट कधी पडत नाही. मला ते दिसलं होतं, पण मी कप उचलून मोरीकडे गेले.

पहिले काही दिवस काय सुखाचे गेले म्हणून सांगू! फोन वाजायचा, मी बोलायचे, मी ठेवायचे. कुणाच्या मुलीचा पाय नाही, कुणाच्या भावाची बदली नाही. नाही म्हणजे नाही. आवाज तर असा की समोरचा माणूस दुकानातच उभा आहे असं वाटावं. आमचे हे तेवढे गप्प गप्प होते, पण ते नेहमीच असतात.

मग दातांच्या डॉक्टरीणबाई रुसल्या. त्यांच्या दवाखान्याचे पडदे आखूड झाले होते, मी म्हणाले तुमची खिडकीच वाकडी आहे. त्यांनी फोन ठेवला. मग बेकरीवाले रुसले. मग आमच्याकडून नेहमी पडदे शिवून घेणाऱ्या शाळेच्या बाई म्हणाल्या, “नंतर बघू,” आणि ते नंतर काही आलंच नाही.

“लोकांना झालंय तरी काय हल्ली?” मी ह्यांना विचारलं.

“लोकांना काही झालेलं नाही,” हे म्हणाले. “तू पूर्वीही अशीच बोलायचीस. पण वरून आई सावरून घ्यायची.”

“म्हणजे माझ्या तोंडामुळे गिऱ्हाईक जातं?”

“तुझ्या तोंडामुळे येतंही. तू खोटं बोलत नाहीस हे सगळ्यांना माहीत आहे.” एवढं बोलून हे ड्रिल मशीन घेऊन बाहेर पडले. शहाणा माणूस आहे, कुठे थांबावं ते कळतं. मी मात्र दिवसभर धुमसत राहिले.

त्याच आठवड्यात गेस्टहाउसवालीचं काम आलं होतं. नवं गेस्टहाउस, सगळ्या खोल्यांचे पडदे. एवढं मोठं काम या दुकानाने कधी बघितलं नव्हतं. ते झालं असतं तर मदतीला दुसरी बाई ठेवता आली असती, माझ्या पाठीला जरा आराम मिळाला असता. कापड आलं, माझं निम्मं कापूनही झालं, आणि तिचा फोन आला. “सगळ्या पडद्यांना अस्तर हवं. आणि तारीख मात्र तीच.”

“अस्तर आधी सांगायचं असतं,” मी म्हणाले. “कापड कापलंय मी. पडदे शिवणं म्हणजे काय जादू वाटते का तुम्हाला? एवढी घाई असेल तर घ्या दुसरीकडून शिवून.”

आणि मी थांबले.

का थांबले ते मला त्या क्षणी कळलं नाही. फोन कानाला, कात्री हातात, आणि मी नुसती वाट बघत होते. वरून खट् होण्याची. “अहो, ती असंच म्हणते,” हे ऐकू येण्याची. इतकी वर्षं मी रागाने बोलायचे ते असंच, मागे कुणीतरी आहे म्हणून. बोलून झालं की जरा जागा सोडायचे, सासूबाईंसाठी. आणि वर त्यांनाच नावं ठेवायचे.

खट् झालं नाही. गेस्टहाउसवाली म्हणाली, “बरं, तसंच करते,” आणि तिने फोन ठेवला.

मी धाडधाड जिना चढून वर गेले. सासूबाई पडद्यांचे हूक डब्यात भरत बसल्या होत्या. शेजारी तो बंद पडल्यासारखा फोन, त्यावर एक कण धूळ नाही.

“आई, गेस्टहाउसचं काम गेलं,” मी म्हणाले.

“ऐकलं. तू ओरडलीस की जमिनीतूनसुद्धा ऐकू येतं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“कुठून बोलू? खिडकीतून?” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “वर नको म्हणालीस ना. जिना मला उतरवत नाही, पण कान शाबूत आहेत माझे.”

मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले. “तुम्ही लावा ना तिला फोन,” मी म्हणाले. “तुमच्या फोनवरून लागतो.”

“आधी एक सांग. मी मध्ये बोलते ते चांगलं की वाईट?”

“वाईट,” मी म्हणाले. खोटं मला येत नाही. “पण हवं. मला हवं, आई.”

त्यांनी हूकांचा डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, “एकटी नाही बोलणार मी. तू खाली जा आणि उचल. मी कुणाला सावरू, तू बोललीच नाहीस तर?”

मी खाली येऊन कपाटात ठेवून दिलेला दुकानातला जुना फोन काढला आणि त्याची तार भिंतीत खोचली. गेस्टहाउसवालीचा नंबर नव्या फोनच्या काचेवर दिसत होता, तो जिन्यातून ओरडून वर सांगितला. सासूबाईंनी फिरवला.

“हे बघा, तारीख तीच असेल तर अस्तर होणार नाही,” मी म्हणाले. “दोनच हात आहेत मला.”

“अहो, ती असंच म्हणते,” वरून आवाज आला. “अस्तर लावेल ती. पण मला सांगा, पहिल्याच दिवशी सगळ्या खोल्या भरणार आहेत का तुमच्या? रस्त्याकडच्या खोल्यांत ऊन येतं, त्यांचे पडदे आधी करू. मागच्यांचे मागून.”

मग गेस्टहाउसवाली म्हणाली, “हे मघाशी का नाही सांगितलंत?”

“मघाशी मी नव्हते,” सासूबाई म्हणाल्या.

“तरीच. मला वाटलं नंबर चुकला. माझी बहीण म्हणाली होती, त्या दुकानात एक रागावते आणि एक समजावते, दोघी बोलल्या की समज काम चोख होणार. मघाशी एकच रागावली, दुसरी आलीच नाही.” ती हसायला लागली. “बरं, तुमचे गुडघे कसे आहेत?” मग गुडघे, मलम, गुडघ्याचा पट्टा. मी कानाला फोन लावून उभी होते आणि मला अजिबात राग येत नव्हता.

महिनाअखेरीला इंटरनेटवाला आला. मी म्हटलं, जुनीच लाइन ठेवणार. त्याचं तोंड एवढंसं झालं. पण तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. “काकू, वर आणि खाली दोन्हीकडे नवे फोन देतो,” तो म्हणाला. “तिघं एकदम बोलू शकाल. शिवाय त्यात एक बटण आहे. ते दाबलं की वरच्या आजींना सगळं ऐकू येईल, पण त्यांचा आवाज, खोकला, श्वास, काही म्हणजे काही खाली ऐकू येणार नाही. फोन उचललाय हे कुणाला कळणारसुद्धा नाही.”

महिन्यापूर्वी तो हे बोलला असता तर मी त्याला चहासुद्धा पाजला असता.

सासूबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. “म्हणजे मी तिथे आहे हे हिला कळणारच नाही?” त्यांनी वरून विचारलं.

“अजिबात नाही, आजी.”

“मग काय उपयोग?”

त्याने जुन्या नंबराचे फोन वळवणं बंद केलं, नवा फोन काढून घेतला आणि बॅग उचलली. आमच्या ह्यांनी त्याला रस्त्यापर्यंत सोडलं आणि परत येताना म्हणाले, “तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना.” मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते थेट आपल्या दांड्यांकडे वळले.

एवढ्यात फोन वाजला. दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, पडदे अजून आखूडच आहेत म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही. पायरीवरून खाटेपर्यंत जायला सासूबाईंना वेळ लागतो. वर खट् झालं, त्यांचा दमलेला श्वास ऐकू आला, आणि मग मी निवांत भांडायला सुरुवात केली.