कडब्याच्या गंजीचा जाब

पाचोडच्या कारभारींनी रझाकारांच्या दिवसांतही कुणापुढं मान झुकवली नव्हती. ती झुकली वीसेक वर्षांनंतर, वेरूळच्या एका शेतात, लेकीच्या गाईड शिबिरापायी.

त्यांची लेक चतुरा औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकत होती. शिबिरात तिच्या तुकडीतल्या मीनाक्षीनं चूल पेटवली, पण विझवली नाही. वारा सुटला आणि शेजारच्या शेतातली काकासाहेबांची कडब्याची गंजी धडाडून पेटली. गाईडच्या सरोजिनीबाईंनी विचारलं तेव्हा मीनाक्षीनं चतुराकडे बोट दाखवलं. मीनाक्षी वकिलाची मुलगी, बोलायला चुरचुरीत. खेड्यातल्या पोरीचं कुणी ऐकलंच नाही. कारभारींना बोलावणं गेलं. सगळ्या मुलींसमोर त्यांनी काकासाहेबांपुढं हात जोडले, आपल्या घरचा कडबा गाडीत भरून आणून दिला. लेकीशी मात्र एक शब्दही बोलले नाहीत. सुट्टीत घरी गेल्यावरही नाहीत.

चतुरानं गाईड सोडलं नाही. उलट गाठी, पट्ट्या, झोळी बांधणं असं सगळं जीव लावून शिकली. दुसऱ्या वर्षी बाईंनी तिला तुकडीची नायिका केलं. शिबिर पुन्हा वेरूळलाच होतं.

जखमी माणसाला डोंगरावरून खाली आणायचा सराव होता. दोन बांबू आणि घोंगडीची झोळी झाली.

"मी होते जखमी," मीनाक्षी हसत म्हणाली. उन्हात चालण्यापेक्षा निजणं बरं.

"हो की," चतुरा म्हणाली. तिनं मीनाक्षीचे हात अंगालगत घेऊन छातीपासून घोट्यापर्यंत दोरी आवळली. एकेक गाठ ओढून पाहिली.

उतार संपला तशी चतुरानं वाट बदलली. "इकडून चला गं," ती उचलणाऱ्या मुलींना म्हणाली. झोळी थेट काकासाहेबांच्या खळ्यावर टेकली. ते ज्वारी उफणत होते.

"काकासाहेब, हिला तुमच्याशी बोलायचंय."

मीनाक्षीचा चेहरा उतरला. "सोड मला! बाईंना सांगीन!"

"सांग. पण आधी गंजी कुणी पेटवली ते सांग."

ऊन तोंडावर होतं. माशा बसत होत्या आणि हात बांधलेले. मीनाक्षीनं शिव्या दिल्या, मग विनवलं. चतुरा शेजारी मांडी घालून बसली होती. बापाचे जोडलेले हात आठवत होती, आणि मीनाक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिला मनापासून गार वाटलं.

"मी पेटवली," मीनाक्षी हुंदक्यात म्हणाली. "चूल माझ्याकडं होती. विझवायची राहिली."

काकासाहेबांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "सोड पोरी तिला. कळलं मला."

"तुम्हाला कळून भागायचं नाय, माझ्या बापाला कळू द्या. तुम्ही सोता जा पाचोडला."

"जातो. बाजाराच्या दिवशी, चार लोकांदेखत सांगतो. आता सोड."

तेव्हा कुठं तिनं गाठी सोडल्या.

काकासाहेब बोलल्याप्रमाणं गेले. भर बाजारात त्यांनी कारभारींची माफी मागितली. इकडं झोळी उचलणाऱ्या मुलींकडून सगळं कळल्यावर बाईंनी मीनाक्षीला शिबिरातून घरी धाडलं, आणि चतुराचंही नायिकापद काढलं.

"तुझं खरं होतं," बाई म्हणाल्या. "पण जखमी म्हणून विश्वासानं निजलेल्या मुलीला तू बांधून छळलंस. तिची माफी माग, मग गणवेश घाल."

"नाय मागणार, बाई."

कारभारी वसतिगृहावर भेटायला आले. वर्षभरानं पहिल्यांदा लेकीशी बोलले. "माग की माफी, माय. आता लई झालं."

"तुम्ही हात जोडले तवा ती हसत व्हती, दादा. मी पाह्यलंय."

कारभारींनी पुन्हा तो विषय काढला नाही.

चतुरानं गणवेश धुऊन, घडी घालून बाईंच्या टेबलावर ठेवला आणि वर्गात जाऊन बसली. मीनाक्षी दारातून आत आली, तिला पाहून थबकली आणि मागच्या बाकाकडं वळली. चतुरा तिच्याकडं बघत राहिली, ती खाली मान घालेपर्यंत.