डोमाजीचं सूप

“सूनबाई, खळ्यातलं पयलं सूप डोमाजीचं. गारा पडो, नाही तं न पडो. इचारायचं नाही, मोजायचं नाही. नेऊन द्यायचं.”

सासू जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तिचा हा आवाज ऐन कामात असतानाच भागीरथेच्या कानात उमटायचा. आत्ताही ती तुळशीच्या कुंडीतल्या गारा दोन्ही हातांनी उपसत होती. बोटं बधिर झाली होती. खालची काळी काडी कुठे जिवंत आहे का, ते चाचपताना हाताला काहीतरी मऊ लागलं. तिनं हात ओढून घेतला, आणि मग देवाचं नाव घेऊन पुन्हा घातला. राघू होता. मान एकीकडे, पंख एकीकडे, हिरवा रंग पाण्यानं काळा पडलेला. तिनं तो पळसाच्या पानावर घेतला, परड्यात खड्डा करून पुरला, राखेनं हात घासले, आणि तरी बोटांचा वास जाईना म्हणून पुन्हा घासले.

आदल्या दुपारी पुढ्यातला चहा निवेस्तोवर गाव पांढरं झालं होतं. आधी टिनांवर ताशा वाजला, मग लिंबाएवढ्या गारा आल्या, आणि थांबल्या तेव्हा अंगणात घोट्याएवढा थर होता. कडुलिंबाला पान उरलं नव्हतं. चिंचेखाली बगळे पडले होते, जणू कोणी धुणं वाळत घालून विसरून गेलं. कापणीला आलेला गहू झोपला होता. हरभऱ्याच्या गंजीवरच्या ताडपत्रीची चाळण झाली होती.

आणि गावाला त्याचं कौतुक सुटलं होतं. त्याचीच भागीरथेला शिसारी येत होती. पोरं पातेल्यात गारा भरून त्यावर लाल सरबत ओतत होती. चार मोठी माणसं शाळेच्या भिंतीआड पेल्यात गारा टाकून बसली होती. हातपंपाजवळ कोणी गारांचं लिंग थापलं होतं आणि पायातली चप्पल न काढता त्यापुढे हात जोडून फोटो काढणं चाललं होतं. दारव्ह्याहून जीपा भरून माणसं आली, यवतमाळात काश्मीर म्हणून. जाताना शेंगांची टरफलं आणि प्लास्टिकचे ग्लास टाकून गेली. ते गारांबरोबर वितळेनात. भागीरथेनं पोथीचं पान वाचलं, देवापुढे दिवा लावला आणि ताटावर बसली. घास तोंडाशी नेला की राघूचा तो ओला मऊपणा बोटांत परत यायचा. तिनं ताट झाकून ठेवलं.

डोमाजी या गावचे गारपगारी. पश्चिमेचं आभाळ काळं-हिरवं होऊन आलं की मारुतीच्या ओट्यावर त्रिशूळ घेऊन उभं राहायचं आणि गार अडवायची, हे त्यांच्या घराचं पिढीजात काम. त्याच्या बदल्यात प्रत्येक खळ्यावरचं एक सूप धान्य त्यांचं. पूर्वी त्यांच्या दारात सुपांची रांग लागायची. मग हवामान मोबाइलवर यायला लागलं आणि घरं एकेक करून गळाली. भागीरथेच्या घरचं सूप तेवढं चालू होतं. शेवटच्या दुखण्यात सासूनं तिच्या हातावर तुळशीचं पान ठेवून ते कबूल करून घेतलं होतं. बबनराव, तिचे यजमान, तिच्या उपासतापासांतलाच एक म्हणून त्याकडे काणाडोळा करायचे.

दुपारी सून अर्पिता मोबाइल घेऊन तिच्याजवळ येऊन बसली.

“आई, आपलं गाव पाहा. लाखाच्या वर लोकायनं पाह्यलं.”

चौकटीत मारुतीचा ओटा होता. डोमाजी उघड्या अंगानं उभे होते, धोतराचा काचा मारलेला, दोन्ही हातांनी त्रिशूळ धरलेला. तोंड पश्चिमेला. गारा त्यांच्या खांद्यांवर, छातीवर फुटत होत्या. त्यांनी डोक्यावर हात घेतला नाही. ओठ हलत होते, मंत्र असेल. व्हिडिओ घेणारा मात्र कुठेतरी आडोशाला निवांत उभा होता, चित्र जरासुद्धा हलत नव्हतं. बाजूनं कोणी म्हणालं, “बुवा, बटन दाबा न, बटन. गार बंद होते.” मग एक मोठी गार कपाळावर बसली. डोमाजी गुडघ्यावर आले, त्रिशूळ खणखणत ओट्यावरून खाली गेला, आणि मोबाइल धरणारा हसला. हसता हसता त्याला उचकी लागली.

भागीरथेनं अर्पिताचा हात धरला.

“पुन्हा लाव.”

अर्पितानं पुन्हा लावलं. बटन. कपाळ. त्रिशूळ. हसू. उचकी.

पाळण्यात होता तेव्हापासून तिचा लेक अक्षय असाच हसायचा. फार हसला की उचकी लागायची, आणि भागीरथा त्याच्या टाळूवर पाण्याचं बोट ठेवायची.

अर्पितानं सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. तिनं मोबाइल पालथा ठेवला. भागीरथा उठून मोरीवर गेली, चूळ भरली, थुंकली, पुन्हा चूळ भरली.

संध्याकाळी बबनराव पारावरून आले ते ठरवूनच आले. पारावर सगळ्यांचं एकमत झालं होतं म्हणे. यंदा कोणी त्या बुवाला दाणा द्यायचा नाही, बबनरावांच्या घरानंही नाही. उलट काही जणांनी टोपलीभर गारा, वर दोन मेले बगळे, असं त्याच्या दारात नेऊन ओतलं होतं. तुझा माल तुला परत, म्हणून. सांगताना बबनराव थोडे हसले, पण लगेच गव्हाची आठवण होऊन थांबले.

“त्यायच्या डोक्याले लागलं,” भागीरथा म्हणाली. “कोणी पाह्यलं का जाऊन?”

अक्षय जेवत होता. त्याच्या पेल्यात गारेचा एक तुकडा तरंगत होता, तुकड्याच्या पोटात गवताची काडी अडकलेली. तो ते पाणी प्यायला. भागीरथेनं नजर फिरवली आणि भाकरी उलटली.

मग उन्हं पडली आणि घाण वर आली. गारा होत्या तोवर सगळं झाकलेलं होतं. आता नाल्यात, कुंपणात, विहिरीच्या कठड्याला पिसं चिकटलेली दिसू लागली. कुजलेला पाला, शेण, पाखरं, सगळ्यांचा मिळून एक गोडसर वास गावात भरला. तो अंथरुणात यायचा, पिठात यायचा. जीपा यायच्या बंद झाल्या. काश्मीर म्हणणारे नाकाला रुमाल लावून फिरू लागले. भागीरथा सकाळी पाणी घालायची तेव्हा तुळशीची ती काळी काडी तशीच उभी असायची. मोडत नव्हती, फुटतही नव्हती.

गंजी वरून वाळली तशी बबनरावांनी मशीन बोलावलं. खळ्यावर धूळ उडाली आणि त्या धुळीलाही बुरशीचा वास होता. दाणे पडू लागले. निम्मे काळे, काही फुगून फुटलेले, काहींना मोड आलेला. भागीरथा सूप घेऊन पुढे झाली.

बबनरावांनी मशीनचा आवाज कमी करायला लावला.

“अक्षयची माय, यंदा नाही.”

ती सूप धरून उभी राहिली.

“पारावर मी शब्द देऊन आलो. अन् द्यायचंच असन तं सुपात गारा भरून दे. त्यानं अडवलेल्या.”

मशीनवाला हसला. अक्षय पोतं धरून उभा होता. तो आईजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “आई, जाऊ नको. लोक हसतीन.”

“हसू दे,” भागीरथा म्हणाली. “हसता हसता उचकी लागते एखाद्याले. तेवढीच.”

अक्षयनं झटकन वर पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती खाली वाकून दाणे भरत होती. पोत्याचं तोंड त्याच्या हातून सुटलं आणि काळा हरभरा त्याच्या पायांवर सांडला.

ती तिथंच, सगळ्यांसमोर, खळ्याच्या कडेला बसली. पाखडून भुसा उडवला. मग एकेक काळा दाणा, एकेक कुजका दाणा वेचून बाहेर टाकला. बोटांना चिकट काळं लागत होतं. मशीन पुन्हा सुरू झालं, दोन पोती भरली, तरी तिचं निवडणं चालूच होतं. उठली तेव्हा सूप निम्मंच राहिलं होतं, पण त्यातला दाणा न् दाणा पिवळा होता. अशा वेळी सुपावर फडकं झाकायची रीत आहे, नजर लागू नये म्हणून. फडकं तिच्या खांद्यावर होतं. ते तिनं कमरेला खोचलं आणि सूप उघडंच घेऊन पारावरून गेली.

कोणीतरी खाकरलं. तिच्या पाठीमागे बोलणं सुरू झालं, ते तिनं ऐकलं नाही असं नाही.

डोमाजींचं घर गावाच्या टोकाला. दारापुढे त्यांच्या लेकीनं, नंदाबाईनं, ताजा सडा घातला होता, तरी त्या ओल्या शेणात पांढरी बारीक पिसं चिकटून राहिली होती. भागीरथेचे पाय एक क्षण अडले. मग ती त्यांवरूनच आत गेली.

डोमाजी खाटेवर बसले होते. कपाळाला हळदीनं पिवळी झालेली पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. सूप पाहून त्यांनी खाटेवरचा हात उचलला आणि नको म्हणून हलवला.

“बाई, गार पडल्या साली आमच्या घरात सूप येत नाही. माया बापानं नाही घेतलं. मी नाही घेत. तुमच्या सासूनं आणलं होतं, तेही वापस केलं.”

भागीरथेनं सूप त्यांच्या पायांशी ठेवलं. तिथंच जमिनीवर बसली. हातांचा काळेपणा तिनं पदराला पुसला.

“आत्याबाईनं मले इचारू नको म्हणून सांगतलं होतं,” ती म्हणाली. “तरी मी नवी नवरी असतानी इचारलंच. त्या सालीही गारा पडल्या होत्या. म्हटलं, आता कायचं सूप? तं त्या म्हणल्या, आपण समदे दाराआड रायतो, थो भायेर उभा रायते. सूप त्याचं हाये.”

डोमाजींनी उघड्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. मग सुपाकडे.

“बुढी असं म्हणे?”

“हो.”

“मले कधी बोलली नाही.”

नंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थबकली. घरात एकाएकी अंधारलं होतं. पश्चिमेकडे काहीतरी लांबवर घरंगळत गेल्यासारखा आवाज झाला. शेजारच्या कोणी बाईनं पोराला हाक मारली आणि दार लावून घेतलं. मग दुसरं दार लागलं. मग गल्लीभर कड्या वाजत गेल्या.

डोमाजी खाटेवरून उठले. कोपऱ्यातला त्रिशूळ घेतला. त्याचं मधलं टोक ओट्यावर आपटून वाकलं होतं.

“बाबा, नका जाऊ,” नंदाबाई म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला. “कोणासाठी जाता? ज्यायनं दारात बगळे टाकले त्यायच्यासाठी? गहू गेलाच आता. कायले?”

डोमाजी दाराकडे वळले. जाता जाता वाकले, सुपातला एक दाणा उचलला, तोंडात टाकला, आणि तो चावत चावत अनवाणी बाहेर पडले.

नंदाबाईनं सूप उचलून आत नेलं. भागीरथेनं तिच्या हातून तांब्या घेतला, उंबऱ्याबाहेर ओणवून दोन्ही हात धुतले आणि या वेळी एकदाच धुतले. वारा सुटला होता. त्यात तोच गोडसर घाणेरडा वास होता, आणि त्याच्या पाठीमागून थंड, कोऱ्या पाण्याचा. पुढे डोमाजींची वाकलेली पाठ चालली होती. समोर ग्रामपंचायतीच्या पडवीत पोरं गोळा झाली होती, दोघातिघांच्या हातात मोबाइल दिसत होते. त्यांत खांबाआड अक्षय उभा होता. त्याचे हात रिकामे होते की नाही, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

पहिला थेंब तिच्या हातावर पडला, जड आणि गार. तिनं कमरेचं फडकं काढून डोक्यावर घेतलं आणि डोमाजींच्या मागं चालू लागली. घराकडची गल्ली उजवीकडे फुटत होती. भागीरथा तिथं वळली नाही.