मुलीकडचे कोण?

धुळ्यात साक्री रोडला जीवराम मंगल कार्यालय आहे. ते हेमलता अक्कांचं. जीवराम गेले तेव्हा तिथे एक पत्र्याचा हॉल आणि विहीर होती, बाकी सगळं अक्कांनी उभं केलं आणि नाव नवऱ्याचंच राहू दिलं. लग्नसराईत त्या सकाळी आंघोळ करून दारातल्या खुर्चीवर बसायच्या आणि वऱ्हाड निघाल्यावरच उठायच्या. कोणत्या घरचा मामा रुसका, कोणत्या आचाऱ्याचं वरण पातळ, कोणत्या विहिणीला पाय धुवायला पाणी कोमट लागतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. लोक मुलगी बघायला जाण्याआधीसुद्धा त्यांच्याकडे चौकशीला येत.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी जळगावहून बेबाबाईचा फोन आला. रोजच यायचा. दोघी बोदवडच्या, एका गल्लीतल्या. सकाळचा चहा एकीने धुळ्यात प्यायचा, दुसरीने जळगावात, आणि मध्ये फोन.

"हेमे, माह्या तेजसचं लगन आहे. तुह्याच कार्यालयात करनं आहे."

तेजस म्हणजे बेबाबाईचा नातू. आई लहानपणीच गेल्यामुळे आजीनेच वाढवलेला, आता पुण्याला नोकरीला.

"कर ना. विचारतेस काय? कधी?"

"होळीच्या आधी. तेजस आन् योगराज. योगराज मुक्ताईनगरचा आहे, केळीवाल्यांचा."

अक्कांनी पुढे काही विचारलंच नाही. दोन नवरदेव, एक मांडव, यात विचारायचं काय? दोन भाऊ, दोन मित्र, चुलत-मावस, असे किती जोडमांडव त्यांच्या कार्यालयात झाले होते. त्यांचं स्वतःचं आणि बेबाचं लग्नही एकाच मांडवात, एकाच दिवशी लागलं होतं. फोन ठेवून अक्का बराच वेळ खुर्चीत तशाच बसून राहिल्या. बोदवड स्टेशनजवळचं ते मैदान, आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, दोन वराती, एक धुळ्याची आणि एक जळगावची, आणि गाडीची शिट्टी वाजली की मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी थांबायचे. पंगतीतल्या भाजलेल्या बट्टीचा खरपूस वास तर अजून नाकात होता. त्यांनी मॅनेजर चुडामणला हाक मारली आणि स्टेजवर चार मोठ्या खुर्च्या काढून ठेवायला सांगितलं. दोन नवरदेव, दोन नवऱ्या.

घोळ फलकावरून उघडा पडला. कार्यालयाच्या दारात लावायचा मोठा फलक चुडामण छापून घ्यायचा. त्याने नावं विचारायला तेजसला फोन केला आणि थोड्या वेळाने डोकं खाजवत अक्कांसमोर येऊन उभा राहिला.

"अक्का, आठे नवरीच नई शे."

"म्हणजे?"

"त्या दोन्ही पोरेसनंच लगीन शे. एकमेकसंगे."

अक्कांनी त्याला दोनदा सांगायला लावलं. मग बेबाला फोन केला. "बेबा, हे नाही जमायचं माझ्याकडे," एवढंच म्हणाल्या. पलीकडून बेबाबाईने "बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. तिथवर गोष्ट दोघींची होती.

पण फलक रद्द करताना चुडामण छापणाऱ्याजवळ बोलला, त्या दुकानातून गोष्ट बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी बबलू दारात उभा. बबलू मोबाइलवर स्वतःचं बातम्यांचं चॅनेल चालवायचा. त्याचं मुंज-बारसं सगळं अक्कांच्याच कार्यालयात झालेलं. त्याने मोबाइल पुढे धरला आणि विचारलं, अक्का, दोन मुलांचं लग्न तुम्ही नाकारलंत, खरं का? अक्कांनी कधी कोणाला आडपडद्याने उत्तर दिलं नव्हतं.

"हो, नाकारलं. कायद्यातही ते बसत नाही म्हणतात, ते राहू द्या. माझं म्हणणं साधं आहे. लग्नाला दोन बाजू लागतात. मुलाकडची आणि मुलीकडची. इथे मुलीकडचे कोण? दोन्हीकडून वरमायाच आल्या तर पाय कोण धुणार? नमतं कोण घेणार? मला नाही पटत. माझ्या कार्यालयात होणार नाही."

दोन दिवसांत ते बोलणं सगळ्या खानदेशात फिरलं. कोणी त्या व्हिडिओला ढोल-ताशांचा आवाज जोडला. 'मुलीकडचे कोण?' हे पोरं एकमेकांना नाक्यावर विचारू लागली. कॉलेजच्या काही मुली रंगीत पट्ट्यांचे कागद घेऊन कार्यालयासमोर उन्हात उभ्या राहिल्या. त्यातली एक पाणी मागायला आत आली. अक्कांनी तिला माठातलं पाणी दिलं. तिने ते पिऊन "थँक्यू आजी" म्हटलं आणि परत जाऊन अक्कांच्या विरोधात घोषणा देऊ लागली. दुसऱ्या बाजूने हार घेऊन येणारे सुरू झाले. ज्यांची तोंडं अक्कांनी कधी पाहिली नव्हती, ते वाकून पाया पडत होते. त्यांचे पुढारी लीलाधर शेठ. भांड्यांचे व्यापारी, कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष.

"अक्का, तुम्ही जे बोललात ते आम्हा सगळ्यांच्या मनातलं आहे. रविवारी संध्याकाळी तुमचा सत्कार. तुमच्याच हॉलमध्ये. शाल, श्रीफळ, मानपत्र."

"माझ्याच हॉलमध्ये माझा सत्कार? मग भाडं कोण देणार?"

लीलाधर शेठ मोठ्याने हसले. अक्का विनोद करत नव्हत्या, पण होकार देऊन बसल्या. इतकी माणसं आपलं बरोबर म्हणतात, हे कोणाला नको असतं?

फक्त सकाळचा फोन येत नव्हता.

पहिले काही दिवस अक्कांना वाटलं, चिडली असेल, उतरेल. मग त्यांनी लावला. वाजून बंद पडला. पुन्हा लावला, तर मधेच कापला गेला. चहाचा कप हातात धरून अक्का फोनकडे बघत बसायच्या. घरात सून होती, पण ती अक्कांना 'आई' म्हणणारी. गावासाठी त्या अक्का. त्यांना हेमी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. आई-वडील, भाऊ, शाळेतल्या बाई, गल्लीतली म्हातारी माणसं, सगळी गेली. बोदवडच्या हेमीने चिंचेच्या झाडावरून पडून हात मोडला होता, हेमीचा आवाज चांगला होता, हेमीला लग्नच करायचं नव्हतं, हे ठाऊक असलेली एक बेबाच. ती बोलायची थांबली म्हणजे ती हेमी कधी नव्हतीच, असं होऊन जाणार होतं.

आणि एक गोष्ट तर फक्त दोघींनाच माहीत होती. लग्नाच्या दिवशी अक्कांच्या सासरचं वऱ्हाड रुसलं होतं. जानोशात, म्हणजे वराती उतरवल्या होत्या त्या शाळेत, आंघोळीचं पाणी गार आलं एवढंच. सासरे म्हणाले, आम्ही मांडवात येत नाही. हेमीचे वडील डोक्यावरची टोपी हातात घेऊन शाळेच्या दारात उभे राहिले. ऊन चढलं तरी त्यांना कोणी आत या म्हटलं नाही. हेमी खिडकीतून बघत होती आणि शेजारी हळदीने पिवळीधमक झालेली बेबा. बेबाने पदर खोचला. स्वतःच्या वरातीसाठी तापवलेला हंडा दोन गड्यांच्या हातून शाळेत पाठवला आणि आपल्या वरातीला निरोप धाडला की जळण ओलं आहे, थोडा उशीर होईल. जळगावकर भले होते, थांबले. हेमीच्या बापाच्या डोक्यावर टोपी परत गेली ती बेबाच्या पाण्याने.

रविवारी सकाळी अक्कांनी चुडामणला सांगितलं, "मी जळगावला जाऊन येते."

"आज? आज तं सत्कार शे."

"संध्याकाळी आहे ना?"

पारोळा, एरंडोल करत एसटीने त्या जळगावला उतरल्या. बेबाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. फाटक वाजलं तरी तिने मान वर केली नाही.

"बेबा."

"बस. खुर्ची आत आहे, घेऊन ये."

अक्का खुर्ची न आणता समोर जमिनीवर बसल्या. गुडघे दुखले, पण बसल्या. शेंगा सोलायला हात पुढे केला, तर बेबाने सूप स्वतःकडे ओढून घेतलं.

"बेबा, मी तुझ्या पोराला वाईट काही म्हटलं नाही."

"नाई म्हटलं. तू मले फोनवर नाई म्हटलं, ते मी ऐकून घेतलं. तुहं कार्यालय, तुही मर्जी. पन मंग साऱ्या जिल्ह्यासमोर काहाले बोलली? आता जळगावात तीन कार्यालयवाले म्हने, धुळ्याच्या अक्कांनी नाई म्हटलं, आम्ही कसे देऊ. तुह्या नावानं नाई म्हनतात हेमे. तेजस म्हनतो, आजी, राहू दे, आम्ही पुन्यालेच हार घालून घेऊ, तू नको येऊ एवढ्या लांब. मी त्याले न्हाऊ-माखू घातलं, आन् त्याच्या हळदीले मी नाई."

अक्कांना हे ठाऊक नव्हतं.

"मला एवढंच वाटलं," अक्का म्हणाल्या, "की लग्नात एक बाजू मुलीची असते."

"असते. तुहा बाप होता त्या बाजूले. शाळेच्या दारात, टोपी हातात घेऊन. तुले आवडलं होतं ते?"

"बेबा, तो विषय नको."

"काहाले नको? तू नवं कार्यालय बांधलं तवा मले दाखवाले नेलं होतं. मुलाकडची खोली समोर, कूलरची. आन् मुलीकडची मागे, मोरीजवळ. मी तवाच म्हननार होती, हेमे, तू तं हे सारं डोळ्यानं पाह्यलं आहे. पन तू किती खुशीत होती, म्हनून गप बसली. आता इथे दोन घरं आहेत, कोनालेच कोनाच्या दारात उभं राहनं नाई. योगराजची माय मले म्हने, काकू, तुम्ही केळीच्या बागेत या, मी तुमचे पाय धुते. मी म्हटलं, मी तुहे धुते. दोघी हसत बसलो. आन् तू म्हनते, नमतं कोन घेनार. कोनी नाई घेतलं तं तुहं काय जाते?"

इतकी वर्षं अक्कांनी दारातल्या खुर्चीवरून मुलींचे बाप पाहिले होते. कोणी घाम पुसत, कोणी मिठाईचा डबा घेऊन रुसलेल्या मामाच्या मागे मागे जाताना. त्यांना वाटायचं, लग्न म्हणजे हेच. वाईट वाटायचं नाही, सवय होती. आज त्या सगळ्यांच्या हातात आपल्या बापाची टोपी दिसायला लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पदराने पुसलं. बेबाने पाहिलं आणि सूप दोघींच्या मध्ये सरकवलं.

"कार्यालय तुझं," अक्का शेवटी म्हणाल्या. "जी तारीख ठरली होती तीच. पण खोटं सांगत नाही, मला अजून पटलेलं नाही."

"पटू नको. दारात उभी राह्यजो, आलेल्यांले या म्हनजो. पन एक आहे. नाई तू साऱ्यांसमोर म्हटलं. हो पन साऱ्यांसमोर म्हन."

तेवढ्यात फोन वाजला. चुडामण होता, अक्का कुठे आहेत विचारत. "अक्का, कथा शेतस तुम्ही? खुर्च्या लागी ग्यात. लीलाधर शेठ दोनदा इसन ग्यात."

अक्कांनी बेबाकडे पाहिलं. "चल माझ्याबरोबर. साऱ्यांसमोर म्हणायचं तर आज मिळतील सारे."

"मी असल्या साडीवर?"

"बदल. मी थांबते."

एसटीत दोघी शेजारी बसल्या. एरंडोलपर्यंत बेबा खिडकीबाहेरच बघत होती. पारोळ्याला तिने पिशवीतून तिळाची चिक्की काढली, तिचा तुकडा मोडला आणि न बघता अक्कांच्या हातावर ठेवला.

हॉल भरला होता. स्टेजवर अक्कांना मधोमध बसवलं. बेबा शेवटच्या रांगेत, चुडामणच्या बाजूला. लीलाधर शेठ बरंच बोलले, परंपरेबद्दल, मातृशक्तीबद्दल. मग शाल उलगडून पुढे आले. अक्का उठल्या, पण शाल घ्यायच्या आधी त्यांनी माइक हातात घेतला. बबलूचा मोबाइल समोरच होता.

"मी म्हटलं होतं, मुलीकडचे कोण. ते बोलले, तिथे चुकले. दोन पोरांचं लग्न आहे, त्यांच्या घरच्यांचं आहे, त्यात मी कोण विचारणारी. मला त्यातलं फारसं कळत नाही, या वयात कळेल की नाही माहीत नाही. पण ते लग्न इथेच होईल, होळीच्या आधी. मी दारात उभी असेन. ज्याला यायचं त्याने जेवायला यावं. आणि जळगावच्या ज्या कार्यालयवाल्यांनी माझं नाव सांगून नाही म्हटलं, त्यांनी आपलं स्वतःचं नाव सांगावं. लीलाधर शेठ, शाल घरी न्या. वहिनींना होईल, थंडी आहे."

कोणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेतून कोणी तरी हसलं. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज सुरू झाला. लीलाधर शेठ म्हणाले, "अक्का, हे तुम्ही बरं नाही केलं. लग्नसराई अजून पुढे आहे. लोक विचार करतील."

"करू द्या," अक्का म्हणाल्या. लोक खरंच विचार करतील हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यातली एक तारीख त्याच रात्री रद्द झाली.

हॉल रिकामा झाला तरी भज्यांची परात भरलेलीच होती. बेबा शेवटच्या रांगेत प्लेट मांडीवर घेऊन खात बसली होती. अक्का स्टेजवरून उतरून तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"गार झाली भजी," बेबा म्हणाली. "हेमे, आताच तेजसले फोन केला, पोरं उद्या जागा पाहाले येतील. त्यांच्यासमोर तोंड सांभाळजो."

"सांभाळीन."

"आन् तुले वाटत असंल, की बेबाले सारं समजलं आहे. मले बी नाई समजलं. दोन-तीनदा विचारलं त्याले, तो सांगतो, मी मान हालवते." तिने प्लेट अक्कांकडे सरकवली. "मिरची उचल. तुले मिरचीचीच आवडतात."

अक्कांनी मिरचीचं भजं उचललं. चुडामण खुर्च्या उचलत होता. त्या दोघींच्या खुर्च्या मात्र त्याने राहू दिल्या.